साहेब बिझी आहेत

‘साहेब बिझी आहेत’ या वाक्याची एकदा नीट फोड करून पाहा. यातला ‘साहेब’ अरबीतून आलेला, ‘बिझी’ इंग्रजीतून आलेला आणि ‘आहेत’ तेवढं आपलं. म्हणजे या वाक्यात मराठी माणसाच्या वाट्याला नुसतं असणं आलं आहे. तेही बाहेरच्या बाकावर.

पूर्वी साहेब ‘कामात’ असत. कामात असलेल्या माणसाचं एक बरं असतं. हातातलं काम संपलं की तो चष्मा काढून टेबलावर ठेवतो, चहा मागवतो आणि ‘बोला, काय काढलंत?’ म्हणतो. बिझी माणसाचं तसं नाही. बिझी हा हुद्दा आहे. आणि हुद्द्यावरून माणूस एकदम निवृत्तच होतो, मधे चहाला उठत नाही.

हे मी बाहेरच्या बाकावरून बोलत असलो, तरी आतल्या खुर्चीचीही मला माहिती आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून चिकटलो तो चौतीस वर्षांनी शाखाधिकारी म्हणून सुटलो. निवृत्तीनंतर लोक पेटी शिकतात, नर्मदा परिक्रमेला जातात, सोसायटीचे सेक्रेटरी होऊन शेजाऱ्यांशी वैर धरतात. मी सीईटी दिली आणि लॉ कॉलेजात नाव घातलं. ‘पस्तीस वर्षं माझ्याशी वाद घालताय, एकदा तरी जिंकलात का?’ एवढंच सौभाग्यवती म्हणाल्या आणि सकाळी डबा किती वाजता लागेल ते विचारलं.

आता वकिलीच्या शिक्षणात एक इंटर्नशिप नावाचा प्रकार असतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ सालचे नियम आहेत. तीन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांचा असेल तर किमान वीस आठवडे विद्यार्थ्याने वकिलाकडे, कोर्टात, संस्थेत, कुठेतरी प्रत्यक्ष काम केलं पाहिजे. मात्र एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. हे चार आठवडे ध्यानात ठेवा. माझ्या भांडणाची मेख तिथेच आहे.

पोशाखही ठरलेला. पांढरा शर्ट, काळी पँट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हा सरंजाम चढवून पहिल्या दिवशी मी डोंबिवली स्टेशनात उभा राहिलो, तर फर्स्ट क्लासच्या डब्यातून दोन तरुण मला बघून घाईघाईने उतरले आणि गर्दीत दिसेनासे झाले. मी त्यांच्या जागेवर बसलो. संबंध इंटर्नशिपचा रोख फायदा म्हणाल तर तेवढाच.

फोर्टातलं एक मोठं लॉ फर्म होतं. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण मी जे सांगणार आहे ते त्या इमारतीतल्या कुठल्याही मजल्यावर खपून जाईल. तिथे गेल्यावर दारावरच्या मुलीने मला अशील समजून कॉफी दिली. इंटर्न आहे म्हटल्यावर कप परत न्यावा की राहू द्यावा, या विचारात ती बिचारी क्षणभर अडकली. आम्ही चार इंटर्न होतो. बाकीच्या तिघांचं वय मिळून माझ्यापेक्षा एखादं वर्ष जास्त भरलं असतं.

आमच्या सुपरवायझर म्हणजे एकोणतीस वर्षांच्या एक बाई. तिथे सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत. माझ्या तोंडून काही ते निघेना, म्हणून मी ‘मॅडम’ म्हणत असे आणि त्या मला ‘सर’ म्हणत. हुशार होत्या, सरळ होत्या, मनाने चांगल्या होत्या. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही असं मी म्हणालो असतो. पण आहे, आणि ती सांगण्यासाठीच तर हा कागद खराब करतो आहे. पहिल्या दिवशी सकाळी त्या आल्या, ‘वेलकम, वेलकम’ म्हणाल्या, ‘आपण निवांत बसून बोलूच’ म्हणाल्या आणि फोन कानाला लावून गेल्या. त्या निवांतपणाचा मुहूर्त चार आठवड्यांत लागला नाही. त्यांच्यावर एक साहेब होते, ते त्यांना रात्री अकराला मेल करत. साहेबांच्यावर एक मोठे साहेब होते, ते त्यांना विमानातून मेल करत. त्यांच्यावर अशील असणार. वरच्या मजल्यावरची टाकी भरून वाहू लागली की तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या छताला ओल येते, तसा हा बिझीपणा झिरपत झिरपत आमच्या डोक्यावर येऊन ठिबकत असे.

आणि यावर उपाय काय, तर उपदेश. तोही आम्हालाच! इंटर्नशिपला जाण्याआधी कॉलेजात आमचं एक व्याख्यान झालं होतं: बिझी सीनियरबरोबर काम कसं करावं. कायम वही जवळ ठेवा. एकच प्रश्न दोनदा विचारू नका. प्रश्न साठवा आणि एकदम विचारा. सीनियरचा मूड ओळखायला शिका. ते मागण्याआधी कागद पुढे करा. नेहमी हाताशी असा, पण मधे मधे येऊ नका. पोरं भराभर लिहून घेत होती. मला मात्र सारखं वाटत होतं, हे आपण आधी कुठेतरी ऐकलंय. घरी येताना कुर्ल्याच्या आसपास उजेड पडला. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं त्या वेळी आमच्या आत्याने तिला माजघरात बसवून हेच्च सांगितलं होतं. सासूबाईंची मर्जी ओळखायला शीक. मागायच्या आत तांब्या पुढे कर. उलट विचारू नकोस. डोळ्यांसमोर असावं, पण पायात येऊ नये. नव्या सुनांना हा उपदेश करणं आपण लाजेकाजेस्तव का होईना बंद केलं. तोच आता इंग्रजीत भाषांतर करून काळ्या कोटातल्या पोरांना वाटतो आहोत, आणि त्याला ‘प्रोफेशनल स्किल्स’ म्हणतो.

माझा आक्षेप वही जवळ ठेवण्याला नाही. वही चांगलीच असते. माझा आक्षेप असा, की या उपदेशात दोन माणसांपैकी ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याच गळ्यात सगळी जबाबदारी बांधलेली आहे. सीनियरसाठी असं व्याख्यान कुणी ठेवलेलं मी ऐकलेलं नाही. ठेवलं तरी सीनियर येणार नाहीत. बिझी असतील.

आता एक उदाहरण देतो. पक्षकारांची गुपितं बाहेर काढू नयेत एवढं मीही शिकलो आहे, म्हणून नावं आणि रकमा बाजूला ठेवतो. आमच्यात एक मुलगी होती, पाच वर्षांच्या कोर्सची, चौथ्या वर्षाला. सांगलीकडची. दादरला एका खोलीत चौघींत राहायची. महिन्याचं भाडं, मेस आणि रेल्वेचा पास वडिलांच्या पैशातून. फर्मकडून मिळायचा तो चहा. एका मंगळवारी रात्री अकरा चाळीसला तिच्या फोनवर मॅडमचा निरोप आला: ‘प्लीज चेक लिमिटेशन. अर्जंट.’

बस्स. चार शब्द.

वाचकांपैकी जे वकील नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लिमिटेशन म्हणजे मुदत. उसने दिलेले पैसे परत मिळवायचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. नाहीतर पैसे खरे, देणेकरी खरा, पण दावा मेलेला. आम्हा बँकवाल्यांना हा १९६३ सालचा मुदतीचा कायदा हनुमान चालिसासारखा पाठ असतो. तीन वर्षं भरायच्या आत कर्जदाराला गाठून, चहा पाजून, वेळप्रसंगी त्याच्या मुलीच्या लग्नाला जाऊन ‘बाकी मान्य आहे’ अशा कागदावर सही घ्यायची. मग कलम १८ प्रमाणे त्या सहीपासून मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. मात्र सही मुदत संपायच्या आत हवी.

पण ‘लिमिटेशन बघा’ म्हणजे कुठलं? दाव्याचं की अपिलाचं? आपलं की समोरच्याचं? ‘डोकं दुखतंय, औषध बघा’ असं डॉक्टरने कंपाउंडरला सांगावं त्यातला हा प्रकार. कोणाचं डोकं? पोरीने सकाळी मॅडमना गाठायचा प्रयत्न केला. मॅडम कॉलवर होत्या. दुपारी कोर्टात होत्या. संध्याकाळी कॉन्फरन्समध्ये होत्या. प्रश्न साठवून एकदम विचारायचे असतात, हा उपदेश तिला तोंडपाठ होता. साठवण तर जोरात चालली होती. मूळ फाइल मॅडमच्या कपाटात. शेवटी तिने ठरवलं की सगळंच लिमिटेशन बघावं. तीन रात्री जागून एकोणीस पानांची टिपणी केली. दावे, अपिलं, दरखास्ती, अपवाद, निवाडे, तळटीपा. मी ती वाचली आहे. पुस्तकात छापावी अशी होती.

शुक्रवारी हायकोर्टाच्या व्हरांड्यात मॅडम भेटल्या. उभ्याउभ्याच पहिलं पान चाळलं.

‘हे फार लांबलंय गं. लेटरचं काय ते सांग.’

‘कुठलं लेटर, मॅम?’

‘अगं, डिसेंबरचं! ते कव्हर होतं का, एवढंच तर हवं होतं.’

एवढंच तर हवं होतं! तेव्हा कुठे कळलं ते असं: कर्जाची तीन वर्षं जून २०२० मध्ये संपत होती आणि ऋणकोने ‘देणं मान्य आहे’ असं पत्र दिलं होतं डिसेंबर २०२० मध्ये. साध्या हिशेबाने पत्र सहा महिने उशिरा. पण कोरोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळलेला आहे. घड्याळच थांबवलं म्हणा ना. मग ते पत्र मुदतीच्या आत आलं की बाहेर? प्रश्न खरोखर खुमासदार होता. मंगळवारी रात्री चार शब्दांऐवजी चौदा शब्द लिहिले असते, तर बुधवारी दुपारी जेवणाच्या आत उत्तर मिळालं असतं.

पोरगी रडली बिडली नाही. तिथेच व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिने दीड तासात एक पान लिहिलं. पुढच्या तारखेला आमच्या बाजूचे मोठे वकील उभे राहिले आणि त्या पानावरचे दोन परिच्छेद त्यांनी जवळजवळ जसेच्या तसे न्यायमूर्तींना वाचून दाखवले. आम्ही मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभे होतो. तिने माझी बाही ओढली. बाहेर आल्यावर मला वाटलं आता कुणीतरी तिला काही म्हणेल. मोठे वकील दुसऱ्या कोर्टात पळाले. मॅडमचा फोन वाजला. लोकलमध्ये बसल्यावर, भायखळा आल्यावर ती मला विचारते, ‘काका, ते बरोबर होतं का?’

मी काय सांगणार? मी तिच्यापेक्षा दोन यत्ता खाली. बरोबर आहे की नाही हे जो सांगू शकत होता त्याला अर्धं मिनिट नव्हतं. वाईट लिहिलं असतं तरी तिला कुणी सांगितलं नसतं आणि चांगलं लिहिलं तरी कुणी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात ती मला म्हणाली की मी या लाइनसाठी बहुतेक नाही, बँकेच्या परीक्षांचं बघते. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे... असो.

मला कबूल आहे, वकिलाचं काम धावपळीचं आहे. बोर्डावर शंभर प्रकरणं असतात, एकाच वेळी दोन कोर्टांत नंबर येतात, अशील फोनवर असतो. पण गंमत सांगू? चार आठवडे मी वकिलांना जवळून पाहिलं. ते धावतात कमी आणि थांबतात जास्त. हायकोर्टाची ही गॉथिक इमारत १८७८ साली पुरी झाली. तिच्या व्हरांड्यांत तेव्हापासून जेवढं थांबणं झालं असेल तेवढं दादर स्टेशनातही झालं नसेल. आपलं प्रकरण सत्तेचाळीस नंबरवर आहे, बारा नंबरचं चालू आहे, आणि साडेचारला कळतं की ‘नॉट रीच्ड’. या मधल्या वेळात मॅडम काय करत? फोन बघत. शेजारी आम्ही चार इंटर्न चार देवळांसमोरच्या चार नंदींसारखे उभे. तेव्हा ‘वेळ नाही’ हे मला कुणी सांगू नये. वेळ होता. त्यात आम्ही नव्हतो.

हे मी छातीठोकपणे म्हणू शकतो, कारण त्याच व्हरांड्यात त्याच फर्मचे कोर्ट-क्लार्क होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. कोकणातले. त्यांच्याएवढा बिझी माणूस मी पाहिलेला नाही. काखेत सहा फाइली, शर्टाच्या खिशात चार पेनं, दिवसातून चाळीसदा जिने चढउतर. पण हा माणूस चालता चालता शिकवायचा. ‘चला वकीलसाहेब’ म्हणून आम्हाला बरोबर घ्यायचे. दाखल केल्यावर आधी लॉजिंग नंबर का मिळतो, खरा नंबर कधी पडतो, ऑब्जेक्शन्स म्हणजे काय, ती वेळेत काढली नाहीत तर दावा न ऐकताच कसा निकालात निघतो, हे सगळं त्यांनी एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत जाताना सांगितलं. ‘प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर’ हे नाव वाचून मला वाटलं होतं की हा काहीतरी नामशेष झालेला प्राणी असावा. तो मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेचा बडा अधिकारी असतो आणि त्याच्या खात्यात कुठला कागद कुठे जातो, हे भाऊंनी मला एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे. एकदा मी त्यांना म्हटलं, ‘भाऊ, तुम्हाला एवढा वेळ कसा मिळतो हो?’ त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, ‘तुम्हाला सांगितलं नाही तर उद्या तुम्ही चुकीच्या खिडकीवर उभे राहाल. मग माझाच वेळ जाईल ना?’

बँकेत आमचंही हेच होतं, त्यात माझा काही मोठेपणा नाही. नवीन पोरगा आला की मार्च एंडिंग असो, कॅश जुळत नसो, त्याला शेजारी बसवून व्हाउचर कसं बघायचं ते सांगावंच लागे. कारण त्याने चुकीचा चेक पास केला तर चार्जशीट माझ्या नावाने निघाली असती. शिकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. फर्ममध्ये मात्र गत्यंतर असतं. इंटर्न हा चार आठवड्यांचा पाहुणा. त्याला शिकवून तयार करेपर्यंत त्याची परतीची गाडी येते, आणि दारात दुसरा उभाच असतो. शिवाय तो फुकट. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा हिशेब कुणी ठेवत नाही. तीन रात्री वाया गेल्या तर कुठल्याच खात्यावर खर्च पडत नाही. पोरीच्या त्या रात्रींचं बिल कुणाला तरी लागलं असतं ना, तर मंगळवारचा निरोप नक्की चौदा शब्दांचा आला असता.

‘आम्हीही असेच शिकलो’ असं यावर काही ज्येष्ठ म्हणतात. हे सासूबाईंचं आवडतं वाक्य आहे, तेव्हा त्याबद्दल वेगळं काही बोलत नाही. दुसरे काही जण गुरुकुलाचा दाखला देतात. शिष्याने लाकडं फोडायची, पाणी भरायचं, गुरूची सेवा करायची. कबूल. पण आमच्या गाण्यातल्या बुवांकडे शिष्य पहाटे उठून तंबोरा लावून बसला की बुवा समोर येऊन बसत तरी होते! नुसतीच लाकडं फोडून घेऊन महिन्याच्या शेवटी ‘याने लाकडं उत्तम फोडली’ असं सर्टिफिकेट देणारं गुरुकुल ऐकिवात नाही.

कायद्याचं म्हणाल तर मौज बघा. वकिलांचा कायदा १९६१ सालचा. ॲप्रेंटिस लोकांचा कायदाही १९६१ सालचाच. एकाच संसदेने एकाच वर्षी केलेले. त्यातल्या दुसऱ्या कायद्याप्रमाणे कारखान्यात शिकाऊ फिटर घेतला, तर मालकाने त्याला त्याच्या कामाचं शिक्षण द्यायचं, स्वतःला ते काम येत नसेल तर येणाऱ्या माणसाच्या हाताखाली ठेवायचं, विद्यावेतन द्यायचं आणि कामाचे तासही ठरलेले. सीएकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाला किमान विद्यावेतन नियमानेच मिळतं. म्हणजे स्क्रू कसा पिळायचा आणि ताळेबंद कसा जुळवायचा हे शिकणाऱ्याची सोय आहे. हे कायदे ज्यांना पाठ असतात त्यांच्याच कचेरीत शिकणाऱ्याची नाही. २०२४ साली बार कौन्सिलने एक परिपत्रक काढून कनिष्ठ वकिलांना शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार तरी द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस, बरं का. आणि तीही सनद घेतलेल्यांसाठी. इंटर्न त्यात नाही.

याहून मोठी गोष्ट पैशाची नाहीच. १९९५ साली बार कौन्सिलने नियम केला होता की सनद मिळण्याआधी वर्षभर अनुभवी वकिलाच्या हाताखाली शिकलं पाहिजे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शिकणं वाईट म्हणून नव्हे, तर असा नियम करायचा अधिकार कायद्याने बार कौन्सिलकडे ठेवलेला नाही असं तेव्हा न्यायालयाचं म्हणणं पडलं म्हणून. तेव्हापासून परिस्थिती अशी आहे की डिग्री घ्या, सनद घ्या, बार परीक्षा पास व्हा आणि उभे राहा. प्रत्यक्ष काम बघायला मिळण्याची कायद्याने ठरवलेली जागा म्हणाल तर हे बारा किंवा वीस आठवडे. त्यात आम्ही पानांना नंबर घालतो. मी चार आठवड्यांत, स्वतः मोजून, सहा हजार तीनशे पानांना नंबर घातले. उद्या तुमच्या फ्लॅटचा ताबा अडकला, भावाने शेतावर नाव लावून घेतलं, मुलीच्या पोटगीचा अर्ज करायची वेळ आली, तर तुमच्यासाठी उभा राहणारा वकील याच बारा आठवड्यांतून आलेला असेल. त्याला नंबर घालता येत असतील याची खात्री बाळगा.

माझी मागणी फार नाही. ज्याला वेळ नाही त्याने इंटर्न घेऊ नये. खुशाल पाटी लावावी: ‘आम्ही बिझी आहोत, येथे शिकवले जात नाही.’ त्या पाटीला मी लवून नमस्कार करीन. पण चार घेऊन चौघांना बाकावर बसवण्यापेक्षा एकच घ्या आणि त्याला काम देताना त्या कामाचा प्रश्न काय आहे ते सांगा, कागद दाखवा, आणि त्याने केलेलं काम बरोबर की चूक एवढं एका ओळीत कळवा. निरोप पाठवता येतो तसा हाही पाठवता येतो. ‘मग बाकीची मुलं जातील कुठे?’ हा प्रश्न मला एका प्राध्यापकांनी विचारला. सांगलीला जातील, साताऱ्याला जातील, तालुक्याच्या कोर्टात जातील. विधी सेवा प्राधिकरणात जातील. नियमाला ते सगळं चालतं. चालत नाही ते फक्त आपल्या प्रतिष्ठेला. काचेच्या इमारतीचं नाव बायोडेटात हवं असतं ना!

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटं मिळायची होती. मॅडम म्हणाल्या, ‘तुम्हीच ड्राफ्ट करून आणा, मी सही करते.’ ही तिथली पद्धतच आहे. स्वतःच्या हाताने ‘यांनी अत्यंत परिश्रमपूर्वक’ वगैरे लिहिताना एकसष्ट वर्षांच्या माणसाला जरा चोरट्यासारखं होतं, पण लिहिलं. शेजारी पोरगी तिचं टाइप करत होती. मधेच थांबली.

‘काका, यात ‘अंडर द गायडन्स ऑफ’ असतं. पुढे कुणाचं नाव घालू?’

मी म्हटलं, ‘तुला मार्गदर्शन कुणी केलं?’

तिने थोडा विचार केला आणि भाऊंचं पूर्ण नाव घातलं, पुढे ‘कोर्ट-क्लार्क’ असा हुद्दा घालून. ते कागद घेऊन आम्ही लिफ्टपाशी मॅडमना गाठलं. त्यांनी फोन खांद्यात धरून, भिंतीवर कागद टेकवून चारही सर्टिफिकेटांवर सह्या केल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या. सर्टिफिकेट कॉलेजात जमा झालं, शिक्का बसला, चार आठवडे तिच्या नावावर लागले. पुढचे चार तिने सांगलीच्या जिल्हा कोर्टात एका दिवाणी वकिलाकडे घेतले आहेत. परवा तिचा फोन आला होता. डिसेंबरच्या त्या पत्राचा प्रश्न तिने त्यांना सगळा सांगितला म्हणे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, दोन चहा सांगितले आणि म्हणाले, ‘बस. आधी तारखा सांग.’